चित्र विकायचं की खंडानं द्यायचं?

पत्र

मॅडम, नमस्कार. मी साताऱ्यात राहते. लग्नपत्रिका, दुकानांचे लोगो, पाकिटांवरची चित्रं अशी कामं आठ वर्षं घरातूनच करते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एका फराळवाल्यांना जलरंगात चित्र करून दिलं. ओटीवर बसून करंज्या करणाऱ्या दोघी, मागे तुळशीवृंदावन. बोलणं झालं होतं ते त्या वर्षीच्या खोक्यापुरतं, अठरा हजार रुपये. सात हजार आधी मिळाले, बाकीचे ‘सीझन झाल्यावर’. कागद काही केला नाही, सगळं व्हॉट्सॲपवर आहे. अकरा हजार अजून आलेले नाहीत. तेच चित्र आता त्यांच्या टेम्पोवर, कॅलेंडरवर आणि दुसऱ्या गावातल्या दुकानाच्या फ्लेक्सवर आहे. खालची माझी सही कापली आहे आणि दोघींपैकी एकीच्या जागी कुठल्या तरी मॉडेलचा फोटो चिकटवला आहे. ते माझ्या धाकट्या दिरांचे मित्र. घरचे म्हणतात, सोडून दे.

आता पुण्याच्या एका कंपनीनं पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी माझी बारा चित्रं मागितली आहेत. कास पठार, अजिंक्यतारा, वाईचा घाट. ही मी कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या आवडीनं काढलेली आहेत. बाराचे मिळून साठ हजार देणार. नऊ पानांचा इंग्रजी करार पाठवलाय आणि शुक्रवारपर्यंत सही मागतायत. मी आणि मिस्टरांनी दोनदा वाचला, पण सही कुठे करायची एवढंच नीट कळलं. काय करू? आणि ओळखीच्या माणसाकडे कागद मागायचा तरी कसा?

— एक चित्रकार, सातारा

उत्तर

ताई, शुक्रवारी सही करू नका. हे उत्तर सदरात छापून येण्याआधीच तुम्हाला मेल करते आहे ते त्यासाठीच. कंपनीला आज दोनच ओळी कळवा : ‘करार वाचते आहे. काही दुरुस्त्या सुचवायच्या आहेत, पुढच्या बुधवारपर्यंत पाठवते.’ छपाईची घाई त्यांना खरोखरच असेल, पण चार-पाच दिवसांनी कॅलेंडर अडत नाही. आणि तेवढाही वेळ द्यायला कुणी तयार नसेल, तर तेही सहीच्या आधी कळलेलं बरं.

आता तो करार. मी तो पाहिलेला नाही, पण असे करार बरेच वाचले आहेत. तुमच्याकडे शेती असेल तर पुढचं चटकन कळेल. वावर विकलं की खरेदीखत होतं, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, आणि पुढे तिथे ऊस लावायचा की प्लॉट पाडायचे हे आपल्याला कोणी विचारत नाही. तेच वावर खंडानं दिलं तर साल ठरतं, खंड ठरतो, आणि साल संपलं की वावर पुन्हा आपलं. चित्राचंही असंच आहे. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करून देणं म्हणजे खरेदीखत. कराराच्या इंग्रजीत त्याला ‘असाइन’ किंवा ‘असाइनमेंट’ म्हणतात. ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीपुरतं वापरू देणं म्हणजे खंड. त्याचा शब्द ‘लायसन्स’.

पेन्सिल घ्या आणि नऊ पानांत ‘असाइन’ कुठे कुठे आहे ते शोधून खूण करा. माझा अंदाज आहे की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर सापडेल, आणि त्याच्या आसपास ‘परपेच्युअल’ म्हणजे कायमचं आणि ‘वर्ल्डवाइड’ म्हणजे जगभर, हे शब्दही असतील. ते उगाच घातलेले नसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी करार आणि देणाऱ्याची सही लागते. कोणतं चित्र, कोणते हक्क, किती काळ, कुठे, हे त्यात यावं लागतं. काळ लिहिलाच नसेल तर पाच वर्षं धरली जातात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. चित्रकाराच्या बाजूनं कायद्यानं ही राखण केलेली आहे. कंपनीचे वकील ती एका वाक्यात काढून टाकतात, आणि आपण त्या वाक्याखाली सही करतो.

ही बारा चित्रं पूर्णपणे तुमची आहेत. कुणी सांगितली नव्हती, कुणी पैसे दिले नव्हते, तुम्ही काढलीत. ज्या दिवशी काढलीत त्या दिवसापासून कॉपीराइट तुमचा, आणि तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही. वादात पुरावा म्हणून नोंदणी कामाला येते, एका चित्राला सरकारी फी पाचशे रुपये आहे, हौस असेल तर करा. पण नोंदणी नाही म्हणून चित्र बेवारशी झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

म्हणजे प्रश्न साठ हजारांत काय जातंय, हा आहे. एका वर्षाच्या कॅलेंडरचा खंड म्हणून एका चित्राला पाच हजार येतात. ते तुम्हाला पटतात का, तुम्ही ठरवा. पण त्याच पाच हजारांत कास पठारचं चित्र कायमचं गेलं, तर उद्या ते मगवर, टी-शर्टवर, हॉटेलच्या खोलीत, मोबाइलच्या वॉलपेपरवर दिसेल आणि तुम्ही स्वतःच्या प्रदर्शनासाठी त्याचं पोस्टर काढायचं म्हटलंत तरी परवानगी मागायला पुण्याला जावं लागेल. म्हणून दुरुस्ती अशी सुचवा : बारा चित्रं, फक्त पुढच्या वर्षीचं भिंतीवरचं कॅलेंडर, एक आवृत्ती, प्रती किती तो आकडा, विक्री भारतात, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला परवानगी संपली. जाहिरातीत कॅलेंडरचं चित्र दाखवायला हरकत नाही. बाकी कुठलाही वापर वेगळा ठरवायचा, वेगळ्या पैशांत. प्रत्येक पानावर चित्राखाली तुमचं नाव. एक ओळ मी हल्ली सगळ्यांना घालायला सांगते : चित्रं एआय शिकवण्यासाठी वापरायची नाहीत किंवा त्यासाठी कुणाला द्यायची नाहीत. आणि मूळ कागद तुमच्याकडेच राहतील. स्कॅनिंगला मागितले तर पोचपावती घ्या, परत कधी मिळणार ती तारीख घ्या.

पेन्सिलीनं खूण करायचा दुसरा शब्द ‘इन्डेम्निफाय’. त्याचा अर्थ, उद्या या चित्रावरून कंपनीवर कुणी दावा लावला तर भरपाई तुम्ही द्यायची. चित्र माझं स्वतःचं आहे, कुणाची नक्कल नाही, एवढी हमी द्यायला हरकत नसावी. पण ती देण्याआधी बाराच्या बारा चित्रं समोर मांडा आणि स्वतःला विचारा की यातलं कुठलं कुणाच्या फोटोवरून केलंय का. कासची फुलं बऱ्याच जणांनी इन्स्टाग्रामवरच्या फोटोवरूनच रंगवलेली असतात. तसं एखादं असेल तर ते यादीतून काढा किंवा फोटो काढणाऱ्याची लेखी परवानगी घ्या. आणि हमीला मर्यादा घाला : काहीही झालं तरी भरपाई मला मिळालेल्या मानधनापेक्षा जास्त असणार नाही. मर्यादा नसलेली हमी म्हणजे साठ हजारांच्या कामापोटी राहतं घर गहाण टाकल्यासारखं आहे.

पैशाचं कलम नीट बघा. ‘कॅलेंडर बाजारात आल्यावर’ किंवा ‘कंपनीच्या धोरणानुसार’ असं असेल तर खोडून तारीख लिहायला सांगा. निम्मे सहीच्या वेळी, निम्मे छपाईच्या फाइली देताना. तीन वर्षं दुसऱ्या कुठल्या कॅलेंडरसाठी काम करायचं नाही, अशी अट असेल तर तीही काढायला लावा. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ माणसाचा धंदा अडवणाऱ्या अटीला मान्यता देत नाही. तरीही करार चालू असेपर्यंतच्या अशा अटीवरून वाद घालता येतो, मग तो कागदावर ठेवायचाच कशाला? ‘ही बारा चित्रं या वर्षात दुसऱ्या कॅलेंडरला देणार नाही’ एवढं कबूल करा, ते रास्त आहे. वाद झाला तर पुण्याचं न्यायालय, असं असेल तर फार ताणू नका, दिल्ली असेल तर ताणा. लवाद नेमायचा असेल तर दोघांच्या संमतीनं, एकट्या कंपनीच्या मर्जीनं नको.

आता फराळवाले. इथे आधी तुम्हाला न आवडणारी गोष्ट सांगते, कारण ती फार थोड्या चित्रकारांना माहीत असते. कलाकृती करणारा हाच तिच्या कॉपीराइटचा पहिला मालक, हा नियम खरा आहे. पण कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये त्याला अपवाद आहेत. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास पहिला मालक काम सांगणारा असतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनाही हेच लागू आहे. कायदा तयार चित्र आणि सांगून करून घेतलेलं चित्र यांत फरक करतो, आणि सांगून केलेल्या पेंटिंगच्या बाबतीत आपण गप्प राहिलो तर ते गप्प राहणं आपल्याच अंगावर येतं. तुमचं करंज्यांचं चित्र जलरंगातलं पेंटिंग आहे. फराळवाल्यांचा वकील नेमकं हेच कलम काढणार.

पण कलमात ‘वेगळं काही ठरलेलं नसल्यास’ असं आहे, आणि तुमचं ठरलं होतं. पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘त्या वर्षीच्या खोक्यापुरतं’. ते फक्त तोंडी ठरलं की व्हॉट्सॲपवर कुठे लिहिलेलं आहे? ते चॅट पहिल्या दिवसापासून वाचून काढा. ‘या दिवाळीच्या बॉक्सचं चित्र’, ‘एका बॉक्सचे अठरा’ असा एखादा मेसेज, तुमचा किंवा त्यांचा, सापडला तर तो सोन्याच्या मोलाचा आहे. करार तोंडीही होतो आणि मेसेजवरही होतो. कागद नाही म्हणून करारच नाही, असं कायदा म्हणत नाही. प्रश्न सिद्ध करण्याचा असतो. म्हणून चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा, मेसेज आपोआप पुसले जाण्याचं सेटिंग बंद आहे ना ते बघा, आणि तो फोन विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. न्यायालयात नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. १ जुलै २०२४ पासून जो नवा साक्ष कायदा आला त्याच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतात, पण मूळ फोन हाताशी असला की काम सोपं होतं. टेम्पोचा, फ्लेक्सचा, कॅलेंडरचा फोटोही आजच काढून ठेवा, कधी आणि कुठे काढला ते लिहून. फ्लेक्स उद्या उतरेल.

सही कापली आणि चित्रातली बाई बदलली, हे मला पैशांपेक्षाही जास्त लागलं. आणि मालकी कुणाचीही ठरो, इथे कायदा तुमच्या बाजूला आहे. कलम ५७ प्रमाणे चित्र आपलं आहे हे सांगण्याचा हक्क, आणि आपल्या नावाला बाधा येईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, कॉपीराइट विकल्यावरसुद्धा. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भलंमोठं भित्तिशिल्प होतं. सरकारनं सांगून करून घेतलेलं, सरकारच्याच इमारतीत, सरकारच्याच मालकीचं. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकलं आणि त्याची नासधूस झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला सांगितले आणि वर पाच लाखांची भरपाई दिली. तेव्हा ‘पैसे दिले, आता आम्ही काही पण करू’ असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. तुमच्या बाबतीत तर पैसेही पूर्ण दिलेले नाहीत.

त्या अकरा हजारांना मुदत आहे. काम दिल्यापासून तीन वर्षं. तुमची दोन गेली. त्या आत त्यांच्याकडून बाकी मान्य असल्याचं सहीचं पत्र घेतलंत, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मोजली जातात. पण मी तुम्हाला लगेच दावा लावायला सांगणार नाही. अकरा हजारांसाठी दिवाणी दावा लावून तारखांना हेलपाटे घालावेत असं मला वाटत नाही, आणि दिरांच्या मैत्रीचाही विचार आहेच. आधी एक साधं पत्र, बिल आणि चॅटच्या प्रती जोडून, स्पीड पोस्टनं पाठवा. (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच मिसळलं आहे, पोचपावती मात्र मागून घ्या.) पंधरा दिवसांत बाकी द्या, बदललेलं चित्र काढा, पुढे वापरायचं असेल तर वेगळं ठरवू, एवढंच लिहा. उत्तर आलं नाही तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जा. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण बायका ‘आमचं उत्पन्न जास्त आहे, आम्हाला कुठून मिळणार’ म्हणून आतच जात नाहीत. तिथे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचं, प्रकरण म्हणून अर्ज करता येतो. दोघांना बोलावतात, लोकअदालतीत समोरासमोर बसवतात. तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ येतं आणि तिच्यावर अपील होत नाही. कोर्ट फी लागत नाही. दीर सोबत आले तर उलट बरंच.

तडजोडीत चेक मिळाला तर बँकेत भरायला उशीर करू नका. न वटता परत आला तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस जावी लागते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला या पत्रातला सगळ्यात अवघड वाटतो. ओळखीच्या माणसाकडे कागद मागायचा कसा.

माझे वडील कराडला दुकानांचे बोर्ड रंगवायचे. खडूनं माखलेली दोरी पत्र्यावर ताणून रेघ मारायचे आणि त्या रेघेवर अक्षरं बसवायचे. मी विधी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते गेले. कपाटात लाल कापडी पुठ्ठ्याची वही सापडली. ‘किराणा, ६ बाय ३, दोन्ही बाजू. ठरले ४५०. आले २००.’ खाली पुढचं नाव. अशी एकेचाळीस नावं होती. मी नुकताच मुदतीचा कायदा शिकले होते. वही घेऊन बसले आणि एकेका नोंदीसमोर तारीख बघत गेले, तर बहुतेक सगळ्यांची तीन वर्षं उलटून गेलेली. कुणाची सही नव्हती, अक्षर फक्त वडिलांचं. दहाव्याला त्यातले कितीतरी जण आले होते. आईला धीर देत होते, आणि मनापासून देत होते. वाईट माणसं नव्हती ती. विसरली होती, किंवा शेजारच्याला रंगवून दिलं तेव्हा आपली फिटली असं धरून चालली होती. काय ठरलं होतं ते दोघांच्या डोक्यात वेगवेगळं राहिलं. आपल्याकडे म्हणतातच, भीड ही भिकेची बहीण. आईनं त्यातल्या एकाकडेही पैसे मागितले नाहीत.

म्हणून कागद मागायचा नाही, आपणच पाठवायचा. ‘करार’ हा शब्द ऐकला की समोरचा दचकतो, स्टॅम्प पेपर आठवतो. तेव्हा बोलणं झालं त्याच संध्याकाळी, काम हातात घेण्याआधी, आपल्या भाषेत लिहून पाठवा. मराठीतला करारही तितकाच पक्का असतो. फराळवाल्यांना तेव्हा असा मेसेज गेला असता तर आज हे पत्र तुम्हाला लिहावं लागलं नसतं :

‘नमस्कार. दुपारी बोललो ते लिहून ठेवते. काम : दिवाळी फराळाच्या खोक्यासाठी एक चित्र, जलरंग. वापर : फक्त या वर्षीच्या खोक्यावर, ५००० नग. इतर कुठे वापरायचं झाल्यास आधी विचारावं, त्याचे पैसे वेगळे. कॉपीराइट आणि मूळ चित्र माझ्याकडे राहील. चित्रात बदल करायचा तर मीच करून देईन. मानधन १८,०००. निम्मे आधी, निम्मे छपाईची फाइल देण्याआधी. कच्च्या चित्रावर दोनदा बदल, त्यापुढे प्रत्येक वेळी १,५००. काम मध्येच थांबलं तर आगाऊ रक्कम परत नाही. ओपन फाइल (जिच्यात कुणालाही बदल करता येतात ती) देत नाही. मान्य असेल तर “मान्य” असं उत्तर पाठवा, म्हणजे सुरू करते.’

यातला ‘कॉपीराइट माझ्याकडे राहील’ हा तुकडा कधीही गाळू नका. सांगून केलेल्या चित्राच्या बाबतीत कलम १७ मधली ती पळवाट त्यानंच बंद होते. आणि ‘मान्य’ आल्याशिवाय ब्रश भिजवू नका, समोर सख्खा भाऊ असला तरी. दिरांच्या मित्रांना हे वाचून राग येणार नाही. आला तर तो काम सुरू व्हायच्या आधी येईल. ‘दोनदा बदल’ ही ओळ नुसती आहे म्हणूनच निम्मे बदल आपोआप कमी होतात, हा माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक डिझायनरचा अनुभव आहे. ओपन फाइल मागणाऱ्यांना ती वेगळ्या दरात द्या किंवा देऊच नका. कोरल ड्रॉची फाइल एकदा फ्लेक्सवाल्याकडे गेली की तिथून ती कुठे जाईल सांगता येत नाही.

मोठी कामं, म्हणजे पंचवीस-तीस हजारांच्या वरची, मात्र सहीच्या कागदावर करा. लेखी करारावरच्या ठरलेल्या रकमेसाठी झटपट चालणारा समरी दावा लावता येतो, तोंडी कराराला ती सोय नाही. स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात साध्या करारालाही शंभरऐवजी पाचशेचा लागतो, दोघांपैकी एकाच्या नावानं घ्यायचा आणि सहा महिन्यांत वापरायचा. स्टॅम्प नसला तर करार रद्द होत नाही. न्यायालयात दाखवायच्या वेळी शुल्क आणि दंड भरावा लागतो. नोटरीचा शिक्का आवश्यक नाही. आणि वाईट अट स्टॅम्पवर लिहिली, नोटरी केली, म्हणून चांगली होत नाही.

अजून एक काम या आठवड्यात करा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. सरकारी पोर्टलवर, आधार आणि पॅन घेऊन, पंधरा-वीस मिनिटांत होते आणि फुकट होते. दोन हजार घेऊन करून देतो म्हणणाऱ्यांना नको म्हणा. घरातून चित्रं करणारी बाई हाही कायद्यानं सूक्ष्म उद्योगच आहे. नोंदणी असली की सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे घेणाऱ्यानं जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे. काही ठरलेलं नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज, आणि तक्रार सरकारी पोर्टलवर. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आहे की मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच खर्चात धरता येते. कंपन्यांचे अकाउंटंट याला फार जपतात, म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. एकच लक्षात ठेवा, नोंदणी करार करण्याच्या आधी हवी. फराळवाल्यांच्या जुन्या कामाला ती उपयोगी पडेल अशी आशा ठेवू नका. कॅलेंडरच्या करारावर सही करण्याआधी मात्र ती हातात असलीच पाहिजे.

बुधवारी कंपनीला दुरुस्त्या पाठवल्यावर बहुधा उत्तर येईल, ‘आमचा फॉरमॅट सगळ्यांना सारखाच असतो.’ तेव्हा सगळ्या दुरुस्त्यांवर अडून बसू नका. तीन सोडू नका : असाइनच्या जागी एका वर्षाचं लायसन्स, हमीला मानधनाची मर्यादा, आणि चित्राखाली नाव. या तिन्हींना नकार आला तर तुमच्या जागी मी सही केली नसती, साठ हजारांची गरज असतानाही. आणि बारा चित्रांच्या मोठ्या स्कॅन फाइली अजून पाठवल्या नसतील तर दोघांच्या सह्या होईपर्यंत पाठवू नका, बघायला छोट्या द्या. पाठवल्या असतील तर आजच एक मेल टाका : ‘या फाइली फक्त पाहण्यासाठी दिल्या आहेत, करार होईपर्यंत छापू नयेत.’ मग मला त्या पानांचे फोटो पाठवा, जिथे पेन्सिलीच्या खुणा पडल्या असतील.